‘मेड इन टेक्सास’चा शिक्का असला की सायलेन्सर मोकळा? एका संदेशाचा प्रतिवाद

टेक्सासमधील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय थोडक्यात असा आहे: टेक्सासने २०२१ साली बंदुकीचा सायलेन्सर कायदेशीर केला, राज्यातच बनलेल्या आणि ‘मेड इन टेक्सास’ असे कोरलेल्या सायलेन्सरला संघीय कायदा लागू होत नाही, इथले पोलीस त्याबद्दल काही करू शकत नाहीत, जो २०० डॉलरचा कर उरला होता तोही १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाल्यामुळे नोंदणीची कटकट संपली, सायलेन्सर लावल्यावर आवाजच येत नसल्याने घरामागच्या अंगणातही सराव करता येतो, आणि व्हिसावर असलेल्यांनाही तो घ्यायला हरकत नाही. यातले बहुतेक प्रत्येक विधान कुठल्यातरी खऱ्या गोष्टीच्या बोटाला धरून आले आहे, म्हणूनच ते पटते. मात्र त्यावर विसंबून खरेदी करणाऱ्याला संघीय तुरुंगाची वाट दिसू शकते, तेव्हा एकेक विधान तपासून पाहणे भाग आहे.

त्याआधी एका मूळ गैरसमजाकडे लक्ष वेधायला हवे, कारण आपल्या माणसांकडून तो सहज होतो. भारतात शस्त्रास्त्रे हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत आहे. परवाना जिल्हाधिकारी देवोत किंवा पोलीस आयुक्त, कायदा संसदेचाच असतो, १९५९ चा शस्त्र अधिनियम. अमेरिकेत एकाच वस्तूवर दोन सरकारांचे दोन स्वतंत्र कायदे एकाच वेळी लागू असतात, आणि त्यांपैकी एकाने आपला गुन्हा रद्द केला म्हणून दुसऱ्याचा गुन्हा रद्द होत नाही. वरच्या संदेशातील निम्म्याहून अधिक विधाने या एकाच गल्लतीतून निघाली आहेत.

‘टेक्सासने २०२१ मध्ये सायलेन्सर कायदेशीर केला’ हे पहिलेच विधान अर्धवट आहे. त्यापूर्वी टेक्सास दंडसंहितेच्या कलम ४६.०५ मध्ये सायलेन्सर बाळगणे हा तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा होता आणि त्यासाठी २ ते १० वर्षांच्या कैदेची तरतूद होती. पण संघीय नोंदवहीत रीतसर नोंद असलेला सायलेन्सर तेव्हाही या गुन्ह्यात बसत नसे. राज्याच्या वन्यजीव आयोगाने तर २०१२ पासूनच सायलेन्सर लावून शिकार करण्यास मुभा दिली होती. २०२१ च्या ‘हाउस बिल ९५७’ या विधेयकाने राज्याच्या दंडसंहितेतून हा गुन्हा काढून टाकला. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्या जूनमध्ये सॅन अँटोनियोच्या अलामो वास्तूसमोर बंदुकीविषयीच्या अनेक विधेयकांवर समारंभपूर्वक सह्या केल्या. त्यांतच हे विधेयक होते, आणि परवान्याविना पिस्तूल सोबत घेऊन फिरण्याची मुभा देणारे विधेयकही होते. दोन्ही कायदे १ सप्टेंबर २०२१ रोजी अमलात आले. एकाच दिवशी आलेल्या या दोन कायद्यांची लोकांच्या मनात सरमिसळ झाली असल्यास नवल नाही. ‘आता कशालाच परवाना लागत नाही’ या समजुतीचे मूळ मला तरी तिथेच दिसते.

शिक्क्याचा दावा हा या संदेशाचा कणा आहे, त्यामुळे त्यावर थोडे थांबले पाहिजे. विधेयक ९५७ मध्ये असे म्हटले आहे खरे की टेक्सासमध्ये तयार झालेला आणि टेक्सासबाहेर न गेलेला सायलेन्सर, राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन करण्याच्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिकाराखाली केलेल्या संघीय कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यावर ‘मेड इन टेक्सास’ हे शब्द स्पष्ट उमटवलेले असले पाहिजेत. बाहेरून आणलेला कोणताही महत्त्वाचा भाग त्यात असता कामा नये. स्प्रिंग, स्क्रू, नट, पिन असले किरकोळ भाग चालतात, इतका बारकावा कायद्यात लिहिलेला आहे. संदेश लिहिणाऱ्याने इथवर वाचले आणि पुढचे पान उलटलेच नाही, असे दिसते. कारण पुढच्याच तरतुदीनुसार, असा सायलेन्सर बनवू इच्छिणाऱ्या टेक्सासनिवासी अमेरिकी नागरिकाने राज्याच्या ॲटर्नी जनरलना (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांना) लेखी कळवले, तर ॲटर्नी जनरलने संघीय न्यायालयात जाऊन ही सूट अमेरिकेच्या संविधानाशी सुसंगत असल्याचा निर्वाळा मागायचा आहे. ही सूट वादग्रस्त ठरणार आणि तिला न्यायालयाची मोहोर लागणार, याची जाणीव कायदा करणाऱ्यांनाच होती.

ती मोहोर मिळाली का? ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी २०२२ मध्ये, स्वतःच्या वापरासाठी सायलेन्सर बनवू इच्छिणाऱ्या काही नागरिकांसह, उत्तर टेक्सासच्या संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. न्यायाधीश मार्क पिटमन यांनी २०२३ मध्ये निकाल सरकारच्या, म्हणजे संघीय यंत्रणेच्या बाजूने दिला. वादींना हा दावा चालवण्याचा कायदेशीर अधिकारच सिद्ध करता आलेला नाही, असे त्याचे कारण होते. पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्ये मिळून होणारा संघीय अपिलांचा विभाग) अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये तोच निकाल कायम केला. म्हणजे ही सूट वैध आहे की नाही, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातही लावला नाही, आणि राज्याला हवा असलेला निर्वाळा मिळालाच नाही. ‘न्यायालयाने सूट रद्द केलेली नाही’ असे कोणी म्हणेल. शब्दशः ते खरे आहे. पण संघीय अधिकारी दारात उभे राहिल्यावर, न मिळालेला निर्वाळा कोणाच्याही कामी येणार नाही.

असल्या शिक्क्याचे पुढे काय होते, ते पाहायला टेक्सासच्या उत्तरेला ओक्लाहोमा ओलांडून कॅन्ससमध्ये जावे लागते. तिथे २०१३ साली जवळपास अशाच आशयाचा कायदा झाला. शनूट या लहानशा गावातील एका दुकानदाराने त्यावर भरवसा ठेवून सायलेन्सर बनवून विकले आणि एका माजी सैनिकाने त्यांतला एक विकत घेतला. संघीय सरकारने दोघांवर खटला भरला, २०१६ मध्ये दोघेही दोषी ठरले. ‘आम्ही राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर विश्वास ठेवला’ हा बचाव त्यांना करू दिला गेला नाही. २०१८ मध्ये दहाव्या सर्किटने शिक्षा कायम केली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दोघांना तुरुंगात जावे लागले नाही, प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली बाहेर राहण्यावर, भागले. पण संघीय गुन्हेगार हा शिक्का आयुष्यभराचा, आणि त्यानंतर कुठलीच बंदूक जवळ ठेवता येत नाही. त्याआधी २०१३ मध्ये मोंटानाचा असाच कायदा नवव्या सर्किटपुढे टिकला नव्हता. ज्या विधिमंडळांनी ही आश्वासने दिली, त्यांतील एकाही सदस्याला यापायी न्यायालयाची पायरी चढावी लागलेली नाही, हे इथे नमूद केलेले बरे.

‘इथले पोलीस काही करू शकत नाहीत’ हे विधान बरेचसे बरोबर आहे आणि त्यातच त्याचा फसवेपणा आहे. विधेयक ९५७ नुसार राज्यातील यंत्रणांनी, म्हणजे शहर पोलीस किंवा काउंटीच्या शेरीफने, सायलेन्सरविषयक संघीय नियमांची अंमलबजावणी आपल्या हाती घ्यायची नाही. परंतु ज्या कायद्याचा भंग होतो तो १९३४ चा ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ आहे, आणि तो राबवणारी एटीएफ ही संघीय यंत्रणा आपल्या कामासाठी शेरीफच्या परवानगीची वाट पाहत नाही. नोंद नसलेला सायलेन्सर बाळगल्यास या कायद्याखाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सुटे भागही त्यातून सुटत नाहीत: सायलेन्सर जोडण्याच्या हेतूने जमवलेल्या भागांचा संच आणि केवळ त्यासाठीच बनवलेला एखादा सुटा भाग, दोन्हींना संघीय व्याख्येत सायलेन्सरच म्हटले आहे. बंदूक साफ करण्याचे साधन या नावाने ऑनलाइन मिळणारी नळकांडी मागवून ‘पुढचे पुढे बघू’ म्हणणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा वाचावी.

आता कराकडे वळू. १९३४ मध्ये ठरलेला २०० डॉलरचा कर त्या काळी सामान्य माणसाला खरेदीपासून परावृत्त करण्याइतका मोठा होता, आणि त्याचा आकडा पुढे ९० हून अधिक वर्षे तसाच राहिला. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने सायलेन्सरवरचा हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. इथपर्यंत संदेश अचूक आहे. ‘त्यामुळे नोंदणी संपली’ हा निष्कर्ष मात्र त्याच कायद्याच्या जन्मकथेने खोटा ठरतो. प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या मसुद्यात सायलेन्सर १९३४ च्या कायद्यातून पूर्णपणे वगळले होते. सिनेटमध्ये मात्र अर्थसंकल्पी विधेयकासाठीच्या, साध्या बहुमतावर भागणाऱ्या, खास प्रक्रियेत कर आणि खर्च यांच्याशी थेट संबंध नसलेल्या तरतुदी घालता येत नाहीत, असा तेथील नियमतज्ज्ञांचा अभिप्राय आला आणि नोंदणी वगळण्याचा भाग गाळावा लागला. उरला तो फक्त कराचा आकडा. नोंदणी रद्द करण्याचा प्रयत्न उघडपणे झाला आणि तो फसला. जे फसले तेच साध्य झाल्याचा दावा संदेशात केला आहे.

म्हणून दुकानातले काम आजही पूर्वीच्याच क्रमाने होते. परवानाधारक विक्रेत्याकडे ग्राहक किमान २१ वर्षांचा असावा लागतो. त्याला ‘फॉर्म ४’ भरावा लागतो, दहा बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते, पार्श्वभूमीची तपासणी होते. एटीएफची मंजुरी येईपर्यंत पैसे भरलेला सायलेन्सर विक्रेत्याच्या तिजोरीत पडून राहतो. ग्राहकाला तो घरी नेता येत नाही. स्वतः बनवायचा असेल तर ‘फॉर्म १’ मंजूर झाल्यानंतरच कामाला हात लावायचा. ट्रस्टच्या नावावर नोंद केली की ठसे टळतात, ही जुनी पळवाटही २०१६ पासून बंद आहे.

कर शून्य झाल्यावर नोंदणीला संविधानिक आधार उरतो का, हा प्रश्न गंभीर आहे, हे मान्य करतो. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कर लावण्याच्या अधिकाराचा वापर म्हणूनच वैध ठरवला होता. करच नसेल तर तो आधार कुठे राहिला, असा युक्तिवाद करणारे दावे २०२५ मध्येच दाखल झाले आहेत, आणि तो मला पोकळ वाटत नाही. पण दावा दाखल होणे म्हणजे कायदा रद्द होणे नव्हे. शिवाय टेक्सास ज्या पाचव्या सर्किटमध्ये येते, त्याच न्यायालयाने लुइझियानातील एका खटल्यात ऑगस्ट २०२५ मध्ये, सायलेन्सरला शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे संरक्षण आहे असे गृहीत धरूनही, नोंद नसलेल्या सायलेन्सरबद्दलची शिक्षा कायम ठेवली.

आवाजाबद्दल फार लिहायला नको. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या आपल्या उपकरणाला सायलेन्सर हे नाव देऊन विक्रीची सोय पाहिली. कानाचा अनुभव वेगळा आहे. रायफलीचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरात असतो आणि चांगला सायलेन्सर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. जे उरते त्याने कानाची कायमची हानी होण्याचा धोका बराच घटतो, आणि शिकारी तो लावतात ते मुख्यतः याचसाठी. पण शेजाऱ्याला आवाज जातोच, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका सायलेन्सरने मुळीच थांबत नाही. अंगणातील सरावाबद्दल सांगायचे, तर एक लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात बेपर्वाईने गोळी झाडणे हा टेक्सासच्याच दंडसंहितेत, कलम ४२.१२ खाली, गुन्हा आहे. डॅलसजवळची प्लेनो आणि फ्रिस्को ही दोन्ही शहरे त्यात येतात.

शेवटचा मुद्दा आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि संदेशात तो एका वाक्यात उरकला आहे. नोकरीचे एच-१बी आणि एल-१, कुटुंबीयांचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१ हे सगळे संघीय कायद्याच्या भाषेत बिगर-स्थलांतरित व्हिसा आहेत, आणि अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगणे हा १५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्याच कायद्यातील बंदुकीच्या व्याख्येत सायलेन्सरचा स्पष्ट समावेश आहे. सोबत बंदूक नसली तरी कपाटातील नुसती नळी त्यासाठी पुरते. ग्रीन कार्ड असलेल्याला ही बंदी नाही. पण नोंद ग्रीन कार्डधारक नवऱ्याच्या नावावर, तिजोरीची किल्ली एच-४ वरील बायकोच्या पर्समध्ये आणि नवरा महिनाभर पुण्याला, अशी घरातली साधी व्यवस्थाही ‘ताबा’ या शब्दात ओढली जाऊ शकते, कारण कायद्याला ताबा म्हणजे केवळ हातात धरणे अभिप्रेत नाही.

या बंदीला काही अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. संदेशातील ‘हरकत नाही’ बहुधा त्यावरूनच आले असावे. मात्र अपवाद परवाना वैध असेपर्यंतच टिकतो, आणि टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो. नूतनीकरण राहून गेले, तर १ सप्टेंबरच्या सकाळी तिजोरीतील तोच, रीतसर नोंद असलेला सायलेन्सर बाळगणे त्या माणसासाठी संघीय गुन्हा होतो.