खुलासा : नानावटी खटला, ज्यूरी आणि ‘सुटका’

एखाद्या निकालावर लोक चिडले की एक संदेश हमखास फिरतो : ‘ज्यूरीने नानावटींना सोडलं, म्हणून सरकारने ज्यूरीच बंद केली. ती परत आणा.’ राग समजण्यासारखा आहे, पण तपशील चुकीचा.

नौदल अधिकारी कावस नानावटींवर पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घालून मारल्याचा आरोप होता. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने (कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) ८ विरुद्ध १ असा ‘निर्दोष’ कौल दिला, हे खरं. पण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०७ होतं. कौल न पटल्यास न्यायाधीश कारणं नोंदवून खटला उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत. इथे तेच झालं. पुरावा प्रत्येक ज्यूरी-खटल्यात नव्याने तपासला जात नसे. इथे तपासला गेला, कारण ज्यूरीला दिलेल्या मार्गदर्शनातच चुका निघाल्या. गोळ्या झटापटीत, अपघाताने सुटल्या हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, हे ज्यूरीला नीट सांगितलंच नव्हतं. शिवाय झटापट झाली, तर आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही?

उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. सुटका झाली ती पुढे राज्यपालांच्या माफीने.

ज्यूरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे गोळीबाराच्या आधी, केली होती. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून ज्यूरी वगळली गेली. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. पारशी विवाह न्यायालयात न्यायाधीशांसोबत ज्यूरीसारखे पाच प्रतिनिधी बसवण्याची तरतूद मात्र राहिली.