डिपॉझिट म्हणजे किराया नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

"काकाजी, एप्रिल-मेचा किराया डिपॉझिटमधून कापून घ्या, आम्ही रविवारी खोली सोडून राहिलो." रात्री साडेदहाला किरायदाराची मोबाईलवर एवढी एक ओळ, पुढे हात जोडलेलं चित्र. फोन नाही, समोर येऊन बोलणं नाही. मधे एक नऊ इंची भिंत आहे बाप्पा! ओट्यावरून हाक मारली तरी ऐकू येते. पण समोर आलं तर बिलाचं विचारतील, कूलरने फुगलेल्या भिंतीचं विचारतील, म्हणून रात्री मेसेज टाकायचा आणि मोबाईल बंद करून झोपायचं.

यांना कोण शिकवतं की डिपॉझिट म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांचा आगाऊ किराया? प्रत्येक किरायदार हेच पाठ करून येतो. डिपॉझिट असतं थकलेल्या बिलासाठी आणि मोडतोडीसाठी. खोली रिकामी झाली, हिशेब झाला की उरलेलं परत. तो हिशेब व्हायच्या आधीच किरायदाराने ते खाऊन टाकलं तर घरमालकाने मोडतोड भरायची कशातून? किराया ३,००० धरा, डिपॉझिट ६,०००. दोन महिने कापले, शून्य उरलं. आणि खरा खर्च तर अजून यायचाच आहे!

आपल्याकडे खोल्या रिकाम्या होतात मे-जूनमध्ये. शाळेचं सत्र संपतं, बदल्या निघतात, लेकरांच्या ॲडमिशनसाठी लोक जिल्ह्याला जातात. आणि नेमक्या याच दिवसांत कूलर रात्रंदिवस चालतो. मोठ्या लोखंडी कूलरचा पंखा धरा २०० वॅट, पाण्याची मोटर ३० वॅट. वीस तास चालला की रोजचे साडेचार युनिट झाले. महिन्याचे १३५ ते १४० युनिट फक्त कूलरचे. त्यात फ्रिज, टीव्ही, पंखे मिळवा, दोनशेला सहज जातं. हे बिल हातात पडतं वापर झाल्यावर, जूनमध्ये. तोवर किरायदार सामान भरून गेलेला असतो. कनेक्शन घरमालकाच्या नावावर, थकबाकी त्याच्या नावावर. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस येते तीही त्याच्याच नावाने, आणि ऐन उकाड्यात लाईन कापली जाते ती त्याच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीची.

खोलीला वेगळा सबमीटर आहे, तरी भांडण आहेच. घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटचा. त्याच्या पुढे ३०० पर्यंत युनिटचा दर जवळपास दुप्पट. घरमालक स्वतः ९० युनिट वापरतो, म्हणजे एकटा असता तर पहिल्या टप्प्यातच राहिला असता. किरायदाराचे २०० त्यात आले की बिल २९० युनिटचं होतं आणि १९० युनिट महाग दरात जातात. मग किरायदार म्हणतो, "पहिले शंभर माझे धरा." काऊन? कनेक्शन कोणाचं, स्थिर आकार कोण भरतो, १६ टक्के वीज शुल्क कोणाच्या बिलात लागतं? याला एकच सरळ रीत आहे: बिलाची पूर्ण रक्कम भागिले एकूण युनिट, जो सरासरी दर येईल तो गुणिले सबमीटरचे युनिट. पण हे खोली देतानाच कागदावर लिहून घ्यावं लागतं. मे महिन्यात बिल हातात घेऊन समजावत बसलं की तुम्ही लुटारू ठरता.

वरून "तुमचा मीटर पळते" हा आरोप. तपासा ना मग! त्याच्या खोलीचा एमसीबी (मुख्य खटका) पाडा, सबमीटरचा लाल दिवा लुकलुकणं बंद झालं पाहिजे. सुरूच राहिला तर तुमची बोअरची मोटर किंवा ओट्यावरचा दिवा त्याच्या लाईनवर आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. बंद झाला तर पुढची परीक्षा: १,००० वॅटची शेगडी एक तास लावा आणि बाकी सगळं बंद ठेवा, मीटर एक युनिट पुढे गेला पाहिजे. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलं असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. इतकं साधं आहे. पण तपासायला कोणी येत नाही, बोंब मारायला सगळे येतात.

आता ती भिंत. कूलर खिडकीत बसवायचा तर टाकीची तोटी गळते का हे पाहायचं, खालच्या ट्रेला पाइप लावून पाणी दूर सोडायचं, आणि वाळ्याच्या ताट्या भिंतीला टेकू द्यायच्या नाहीत. यातलं एकही केलेलं नाही. अडीच-तीन महिने पाणी खिडकीच्या पट्टीवर साचलं, प्लास्टरमध्ये मुरलं. आतल्या बाजूने पुट्टीला बशीएवढे फुगे आले. बोट लावलं की फुगा फुटतो आणि आतून पांढरी खारट पूड झरझर खाली पडते. बोअरचं पाणी जड, खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका, तो सगळा क्षार भिंतीत जाऊन बसतो. त्यावर रंगाचा हात मारून काही होत नाही. फुगलेलं प्लास्टर विटेपर्यंत पाडायचं, वायरच्या ब्रशने विटा घासायच्या, भिंत चांगली वाळू द्यायची, १:४ चा माल (एक सिमेंट, चार वाळू) लावायचा, आठवडाभर पाणी मारायचं, पुन्हा वाळू द्यायचं आणि मगच पुट्टी. घाईने पुट्टी ओढली की पुढच्या उन्हाळ्यात तीच भिंत पुन्हा फुगते. मिस्त्रीची मजुरी, वाळू, सिमेंट, रंग, आणि तितके दिवस खोली रिकामी. हे सगळं कोणत्या डिपॉझिटमधून कापू?

"एवढ्याशा पान्यानं भिंत पडते का काकाजी?" असं उत्तर मिळालं होतं. पडते! कापसाच्या काळ्या जमिनीत घर बांधलेल्या कोणालाही विचारा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. कूलरचं पाणी आणि न्हाणीचा तुटका पाइप दोन्ही जोत्याशीच. तेवढाच कोपरा ओला राहतो, वर उचलला जातो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. ती भेग सिमेंटने भरली तर पुन्हा उघडते, कारण दुखणं खाली आहे. घराभोवती तीन फुटांची फरशी बाहेरच्या उताराने टाकायची, पाणी पाइपने शोषखड्ड्यापर्यंत न्यायचं, आणि शोषखड्डा भिंतीपासून लांब ठेवायचा. मी हे केलं होतं. पाइपचा एल्बो निखळला तर वीस-तीस रुपयांचा एल्बो आणि सोल्व्हंटची छोटी डबी लागते. ते नाही, तर निदान सांगायचं. सांगितलंसुद्धा नाही.

आणि ती टिल्लू मोटर! नळ एक दिवसाआड येतो, सगळी आळी हंडे-ड्रम घेऊन बसलेली, आणि हा माणूस नळाच्या तोटीला टिल्लू जोडून सगळ्यांचं पाणी ओढतो. ग्रामपंचायतीची तंबी येते ती नळ ज्याच्या नावावर आहे त्याला. शेजारच्या बाईंनी आठवडाभर बोलणं टाकलं. तसेच ते मुख्यालयवाले, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहायचं असलेले नोकरदार. खोली फक्त कागदावर पाहिजे, घरभाडे भत्त्यासाठी पावती पाहिजे, राहायचं शहरात आणि रोज अपडाऊन. दुपारचा डबा खायला खोली उघडायची, म्हणून किराया अर्धा द्यायचा आणि पावती पूर्ण मागायची. खोटी पावती देऊ नका, स्पष्ट सांगतो. जेवढे पैसे हातात आले तेवढीच पावती.

भाऊबंदांचे सल्ले तर याहून वाईट. "लाईन काप." "कुलूप ठोक." "सामान रस्त्यावर फेक." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या अनुसूचीत ज्या शहरांची नावं आहेत तिथे पाणी-वीज तोडणं कलम २९ प्रमाणे शिक्षापात्र आहे. अनुसूचीबाहेरच्या गावात हात मोकळे आहेत असं समजू नका. कोर्टाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलं तर किरायदार सहा महिन्यांच्या आत विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागू शकतो, आणि तुमचीच मालकी तिथे कामी येत नाही. गावातल्या महिन्या-महिन्याच्या किरायाला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०६ लागतं. १५ दिवसांची लेखी नोटीस, सही करून, पोस्टाने पोचपावतीसह किंवा हातात. तोंडी "पुढच्या महिन्यात सोडा" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

दुसरे घाबरवतात, "कूळ लागेल." कूळ कायदा शेतजमिनीचा आहे, विदर्भासाठी तर वेगळा १९५८ चा आहे. खोलीला कूळ लागत नाही. आणि १२ वर्षं राहिला की घर त्याचं, हेही खोटं. किरायदार म्हणून राहणाऱ्याचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो. या भीतीपायी लोक कागदच करत नाहीत आणि नंतर रडतात. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे करार नोंदला गेला असंही नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी खोली वापरायला देण्याचा करार, ऑनलाइन नोंदवता येतो, आधार आणि अंगठ्यावर. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का, डिपॉझिटवर १० टक्के वार्षिक व्याज धरून ते त्यात मिळवायचं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, शहरात १,०००. एवढ्या पैशांसाठी लोक पुढचं वर्षभर डोकं फोडून घेतात!

त्या करारात ही चार वाक्यं शब्दशः घाला. डिपॉझिट किरायात वळतं होणार नाही. खोली सोडताना शेवटचं वीजबिल येईपर्यंत डिपॉझिट मालकाकडे राहील. बिलाचा दर सरासरीने. कूलर आणि न्हाणीच्या पाण्याने झालेलं नुकसान किरायदाराचं. खोली देताना भिंती, तोट्या, खिडक्या, सबमीटरचा आकडा यांचे तारखेसह फोटो काढून त्यालाच पाठवा, आणि "मिळाले" असं उत्तर घ्या. नैसर्गिक झीज कापायची नाही. दोन वर्षांत उडालेला रंग घरमालकाचा, कूलरने फुगलेलं प्लास्टर किरायदाराचं. ही रेघ दोन्ही बाजूंनी पाळा.

याच्याकडून मात्र आता वसुलीच करायची आहे. रविवारी सामान निघायच्या आधी सबमीटरचा आकडा त्याच्यासमोर लिहून त्याची सही घ्यायची, भिंतीचे फोटो काढायचे, नवा पत्ता घ्यायचा. जूनचं बिल आलं की हिशेब आणि बिलाची प्रत पोस्टाने. तरी नाही दिलं तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचा) अर्ज द्यायचा, लोकअदालतीत प्रकरण ठेवतात, कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, त्यावर अपील नाही. रक्कम छोटी आहे म्हणून सोडून द्या म्हणणाऱ्यांनी आधी मिस्त्रीचं बिल भरावं.