कात ओढू नका म्हणजे ओढू नका

परवा नांदेडचं लग्न उरकून लातूरला घरी आलो. बॅग खाली ठेवायच्या आत चुलतभाऊ म्हणाला, "अरं, तुझ्या सापाची कात निघंना, म्हणून मीच काढली बघ." काढली! अंगावरची हाताने आणि डोळ्यापाशी वहिनीच्या भुवयांच्या प्लकरने!

राणी, म्हणजे माझी बॉल पायथन (अजगराची एक जात), पेटीच्या कोपऱ्यात घट्ट गोळा होऊन बसली होती. मानेवर बोटभर जागेत नवे खवलेच उचकटून आलेले, खाली गुलाबी, ओलसर. पाठीवर जुन्या कातीचे पापुद्रे, कांद्याच्या वाळल्या सालीसारखे. डाव्या डोळ्यावर चुरगळलेल्या प्लास्टिकसारखं काहीतरी चिकटलेलं आणि त्याच्या कडेला प्लकरचा ओरखडा. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

तीन दिवसांचंच काम सांगून गेलो होतो. पेटीतला शेवाळाचा डबा सकाळ-संध्याकाळ ओला कर, पाण्याचं भांडं भरलेलं ठेव, त्या खोलीत एसी लावू नको. दादाने काय केलं? उकडतंय म्हणून त्याच खोलीत अंथरूण टाकलं आणि रात्रंदिवस एसी चालू. अरे, एसी हवेतलंच पाणी काढून बाहेर टाकतो, नळीतून थेंब पडताना दिसत नाहीत का? आधीच मे महिन्यातलं लातूर, बाहेर ४१-४२, धुतलेली चादर अर्ध्या तासात खडखडीत वाळते. त्यात हे. मी आलो तेव्हा पेटीतलं मीटर १९ टक्के आर्द्रता दाखवत होतं. बॉल पायथनला एरवी ६० च्या आसपास लागते, कात टाकायच्या दिवसांत ७०. डब्यातलं शेवाळ हातात घेतलं तर भुगा झाला.

लोकांना वाटतं साप कात टाकतो म्हणजे सदरा काढल्यासारखं काहीतरी असतं, अडकला की आपण बाही ओढायची. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ द्रव सुटतो. त्यानेच अंग मळकट दिसतं, डोळे दुधाळ निळे होतात. काही दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात आणि खरी कात त्यानंतर पडते. साप ओठ खरबरीत दगडावर घासतो, तिथून कात सुटते आणि तो पुढे सरकत तिच्यातून बाहेर येतो. पायमोजा उलटा निघावा तशी अख्खी कात मागे राहते. हे सगळं ओलाव्यावर चालतं. ओलावा आटला की कात खालच्या कोवळ्या कातडीला चिकटते आणि ओढली की तीही सोबत येते. डोळ्याचं तर विचारूच नका. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. कातीबरोबर तोही निघायला हवा. नाही निघाला तर त्याला प्लकर लावणं म्हणजे डोळा फोडायला जाणं आहे!

आणि सल्ले देणारे! एकजण म्हणे खोबरेल तेल चोळा. एकजण म्हणे हळद लावा. "शेतातल्या सापाला कोण शेवाळ देतंय, तुलाच कामून एवढं?" अहो, शेतातला साप बिळात जातो, विहिरीच्या कपारीत शिरतो, दगडाखालची ओल शोधतो. काचेच्या पेटीतला कुठे जाणार? तो तर आपल्या हवेचासुद्धा नाही, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला आहे. (हो, कायदेशीर आहे. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद केली आहे. देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे "धामण आणून देऊ का" हे मला परत विचारू नका.)

विकणाऱ्यावरही माझा तेवढाच राग आहे. जाळीच्या झाकणाची पेटी आणि वर दिवा देऊन "मेंटेनन्स काहीच नाही" म्हणून मोकळा झाला. त्या जाळीतून सगळी ओल उडून जाते, हे पहिली कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली तेव्हा मला कळलं. मग मीच तीन भाग जाळी अ‍ॅक्रिलिकने झाकली.

पाण्यावरून तर घरात रोज बोलणी खातो. "या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि तू सापाला पाणी घालतोस." मीही तेव्हा घागर घेऊन रांगेत उभा होतो. दिवसाला एक तांब्या लागतो, एक! आणि हीच माणसं नंतर येऊन म्हणणार, "कात दे ना, तिजोरीत ठेवायला. अख्खी दे बरं का, तुटकी नको." ओल मिळू देत नाही, हाताने ओढून काढता, मग अख्खी कुठून येणार?

काल संध्याकाळी मानेची जखम बघून अंदाज घेतला आणि मान बाहेर राहील एवढ्याच, जेमतेम पोट बुडेल अशा कोमट पाण्यात तिला वीस मिनिटं ठेवलं, समोरून हललो नाही. पाणी मनगटाला गरम लागलं तरी ते जास्त झालं. नंतर ओला टॉवेल हातात सैल धरला आणि तिला त्यातून आपली आपण सरकू दिलं. पाठीवरचे पापुद्रे सुटून टॉवेलला लागले. जोर शून्य. शेपटीच्या टोकाला एक कडं उरलं होतं, ते दुसऱ्या खेपेला निघालं. दादा म्हणाला, "तेवढ्याने काय होतंय?" तेवढ्याने असं होतं की ते कडं वाळून आवळतं, रक्त थांबतं आणि टोक काळं पडून गळून जातं.

डोळ्याला मी हात लावलेला नाही. पुढच्या कातीला तो खवला आपोआप निघेल अशी आशा आहे. ओरखड्याचं काय ते साप बघणाऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कळणार नाही. इथे तसा डॉक्टर मला मिळालेला नाही, म्हणून शनिवारी तिला घेऊन पुण्याला चाललोय. तोवर खोलीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात.