राखी सगळ्यांना आठवते

आज २५ फेब्रुवारी. सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि खाली मजकूर: एका ननचा खून झाला, तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली, क्षमा हाच खरा धर्म. लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मग एका काकांनी लिहिलं, "गोष्ट छान आहे, पण ही मंडळी तिकडे मुळात काय करायला जातात ते आपल्याला माहीत आहे." त्यालाही अंगठे आले.

अख्ख्या मेसेजमध्ये मेलेल्या बाईचं नाव नव्हतं. गावाचं नाही, सालाचं नाही. तिला का मारलं, हे तर नाहीच नाही.

ग्रुपवर मी काही लिहीत नाही. लिहिलं की आईला फोन जातात, "तुझ्या लेकीला सांग जरा." म्हणून इथे लिहितेय. इथे आपली माणसं आहेत, सावकारी वाईट असते हे तुम्हाला पटवून द्यावं लागणार नाही.

तिचं नाव सिस्टर राणी मारिया. जन्म १९५४ चा, केरळातल्या पेरुम्बावूरजवळच्या पुल्लुवळी गावचा. शेतकऱ्याचं घर, सात भावंडं. १९७२ मध्ये ती फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या ननांच्या संघात गेली. केरळच्या संत अल्फोन्सा ज्या संघातल्या, तोच हा. १९७५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती उत्तर प्रदेशात बिजनौरला पोचली, पुढे मध्य प्रदेशात ओडगडीला राहिली आणि १९९२ मध्ये देवास जिल्ह्यात उदयनगरला आली. मधल्या काळात समाजशास्त्रात एम. ए. केलं. म्हणजे विशीतच घर सोडून हिंदी मुलखात आलेली मल्याळी मुलगी, आणि मग जन्मभर तिथलीच.

उदयनगरला तिने काय केलं? गावोगाव फिरून आदिवासींना, भूमिहीनांना सांगितलं की तुमच्यासाठी सरकारी योजना आहेत, बँक कर्ज देते, थोडं थोडं साठवून गट करता येतो. बस. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं! आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामसेवकाच्या भाषणात हेच असतं.

पण हे निरुपद्रवी नाही, आणि ते मला पुस्तकातून कळलेलं नाही, आत्याकडून कळलंय.

माझी आत्या मध्य प्रदेशातल्या निमाडात बँकेच्या एका ग्रामीण शाखेत कॅशियर होती. एका बाजाराच्या दिवशी एक आदिवासी बाई काउंटरवर आली. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं कमरेला. कर्ज मंजूर झालं होतं, बियाण्यासाठीच असावं. आत्याने अंगठा घेतला, नोटा मोजल्या, तर बाईच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने खांद्यावरून हात पुढे केला. सावकाराचा माणूस. आत्या त्याला म्हणाली, "जिसका अंगूठा, उसका पैसा." तो हसला. म्हणाला, "मैडम, एक ही बात है." आत्याने नोटा बाईच्या हातात दिल्या आणि काउंटरवर पाटी ठेवून दिली, जेवणाची सुट्टी.

या गोष्टीवर आमच्या घरी नेहमी हसू येतं, कारण तेव्हा अकराच वाजले होते.

हसू येत नाही ते पुढच्या भागाला. त्या संध्याकाळपासून आत्याच्या भाड्याच्या खोलीसमोर मोटरसायकलवर दोन पोरं येऊन बसायला लागली. बोलायची नाहीत, शिट्टी नाही, शिवी नाही. नुसती बसायची, अंधार पडला की निघून जायची. शाखेतल्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही कशाला मध्ये पडता, आपलं काम कॅश देण्याचं." अहो, तिने कॅशच दिली होती!

सावकाराचं दुखणं नुसत्या व्याजाचं नसतं. पेरणीच्या वेळी बियाणं त्याच्याकडून, पीक आलं की तो म्हणेल त्या भावाने माल त्यालाच, मध्ये लग्न नाहीतर आजारपण निघालं की पुन्हा त्याच्याच दारात. सगळं त्याच्या उधारीच्या वहीत चढतं. त्या वहीच्या जोरावर शेतात फुकट राबणारे हात मिळतात, निवडणुकीत मतं मिळतात आणि शेवटी जमीनही मिळते. बँकेचा एक अर्ज त्या वहीतलं एक पान फाडतो. आत्याने एका दुपारी एका बाईपुरतं ते पान फाडलं तर दारात मोटरसायकल उभी राहिली. राणी मारिया हे रोज, गावोगाव करत होती, आणि तेही लोकांना एकत्र बसवून.

२५ फेब्रुवारी १९९५. शनिवार होता. उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये ती बसली, पुढे केरळला घरी जायचं होतं. जमीनदार-सावकारांनी पाठवलेला समुंदर सिंह नावाचा तरुण त्याच बसमध्ये होता. सांगतात की वाटेत त्याने नारळ फोडला आणि बसमध्ये खोबरं वाटलं. मग नाचनबोर घाटात सुरा काढला. अंगावर ५४ जखमा. बसमध्ये, बसमधून ओढून, रस्त्यावर. ती एकेचाळीस वर्षांची होती.

बस भरलेली होती.

मला क्षमेच्या गोष्टीचा राग नाही. राग येतो तो या भरलेल्या बसचा. ५४ जखमा व्हायला वेळ लागतो. खोबरं खाल्लेली माणसं होती ती, त्याच हाताचं. एकानेही हात धरला नाही. मृतदेह कितीतरी वेळ रस्त्याकडेला पडून होता.

मान्य, सुरा समोर असताना कोण उठणार. आणि बसमध्ये होते तेही बहुतेक गरीबच असणार, त्यांचीही नावं कुठल्या ना कुठल्या वहीत असणार, संध्याकाळी त्यांना त्याच गावात परत जायचं होतं. हे मला कळतं. आत्याच्या शाखेतही त्या दिवशी बाकावर माणसं बसली होती, पासबुक घेऊन. सगळ्यांनी तो पुढे आलेला हात पाहिला. सगळे पंख्याकडे बघत होते. आत्या म्हणते, "त्यांचं काय चुकलं गं, मला बदली मिळणार होती, त्यांना कुठली बदली?" आत्या माझ्यापेक्षा मऊ आहे. मी नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्यातल्याही दोन-चार जणांच्या मनात तो असणार. होय, ती नन होती. प्रार्थना करायची, येशूवर तिची श्रद्धा होती, ती तिने लपवली नाही, आणि चर्चचं स्वतःचं राजकारण असतं हेही मला ठाऊक आहे. पण ज्यांनी सुपारी दिली त्यांना धर्माची काळजी होती असं म्हणणं म्हणजे त्यांना फुकटची इज्जत देणं आहे. त्यांचं दुकान बसत होतं. एखाद्या भजनी मंडळाच्या बाईने त्या आदिवासींना बँकेत नेलं असतं तर तिच्याही मागे हाच सुरा आला असता.

आणि हे काही एकट्या देवास जिल्ह्यात घडत नाही. ब्राझीलमध्ये अनापू नावाच्या गावी सिस्टर डोरोथी स्टँगला २००५ मध्ये गोळ्या घातल्या, ७३ वर्षांची म्हातारी, भूमिहीन शेतकऱ्यांच्या आणि जंगलाच्या बाजूने उभी होती म्हणून. २०११ मध्ये झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात सिस्टर वालसा जॉनला मारलं, तिथे कोळशाच्या खाणीसाठी जाणाऱ्या आदिवासींच्या जमिनीचा लढा होता. जमीन, कोळसा, वही. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, ही तिकडे करायला काय गेली होती?

बरं, राखी. राखीचं खोटं नाही, ती गोष्ट खरी आहे आणि मी कितीही चिडले तरी ती मला हलवतेच. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात समुंदर सिंहला भेटायला जात राहिले. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी, तीही त्याच संघातली, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले. अकरा वर्षांहून जास्त तुरुंगात काढून तो २००६ मध्ये सुटला, नंतर पुल्लुवळीला त्यांच्या घरी गेला. तिथे आई एलिस्वा यांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. या हातांवर माझ्या मुलीचं रक्त आहे, म्हणून.

हे लिहिताना सुद्धा घसा दाटतो. एका माउलीने हे करावं! कुठून आणतात ही माणसं एवढं?

पण ते त्यांचं आहे. सेल्मीचं, एलिस्वांचं. मुलगी त्यांची गेली, माफ करायचा अधिकार त्यांचा. आपण कोण त्यांची क्षमा आपल्या नावावर फॉरवर्ड करणारे? आपलं काय गेलं होतं? शिवाय माफी मागायला समोर आला तो एकटा समुंदर. त्याने पश्चात्ताप केला, शिक्षा भोगली, तिच्या समाधीवर जातो. सुरा धरणारा पोरगा सुधारला म्हणून वही ठेवणाराही सुधारला असं आपण धरून चालतो. सुधारलेल्याचा फोटो काढता येतो, वहीचा येत नाही.

२०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूरमध्ये राणी मारियाचं बीटिफिकेशन झालं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. हुतात्मा म्हणून. छान झालं. तेव्हाही बातम्यांचे मथळे राखीचेच होते.

मघाशी आत्याला फोन केला. सगळं सांगितलं, फॉरवर्ड, काका, एलिस्वांनी घेतलेलं चुंबन. आत्या जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मी त्या गाडीवरच्या पोरांना राखी तर सोड, पाणीसुद्धा विचारलं नसतं." मग तिने ते सांगितलं जे ती नेहमी सांगत नाही. ती बाई पुन्हा शाखेत आली नाही. पुढच्या बाजाराला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आत्याची बदली होईपर्यंत खातं तसंच पडून होतं, आणि आत्याने गावातल्या कुणाकुणाला विचारलं तर जो तो म्हणाला, माहीत नाही मॅडम.

या गोष्टीचा हा शेवट घरी कुणी सांगत नाही. अकरा वाजताची जेवणाची सुट्टी तेवढी सांगतात.

तुमच्यातले निम्मे इंदूर-देवासचे आहात. सुट्टी मिळाली की ओंकारेश्वर करता, महेश्वर करता. उदयनगरला तिची समाधी आहे, एकदा जाऊन या. मी पुढच्या महिन्यात इंदूरला आले की जाणार आहे. आत्याही येते म्हणाली, पण गुडघे दुखतात, बसने नको, गाडी ठरव म्हणते.