समुद्राखालचं घर आणि खारेपाटातली खांड

दर मोठ्या उधाणाला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज येतो. "हॉलंड समुद्राच्या खाली असून कोरडं, आपलं कोकण वर असून बुडतं!" मग कुणीतरी मला हाक मारतं, "काय रे, तुमच्याकडे कसं करतात?"

माझं घर रॉटरडॅमच्या अलेक्झांडर पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून, पाणी उपसून कोरड्या केलेल्या जमिनीवर, समुद्रसपाटीच्या जवळजवळ सहा मीटर खाली. तेव्हा बोलायचा मान माझाच, असं मी धरून चालतो.

हॉलंड कोरडं होतं कधी? 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळ आणि उधाण एकाच वेळी आलं, झीलंड प्रांतातले डायक, म्हणजे समुद्र अडवणारे बांध, फुटले आणि 1,836 माणसं गेली. ग्रुपवर ज्या अजस्र दरवाजांचे फोटो फिरतात ते मास्लांटकेरिंग, रॉटरडॅमजवळचं उधाण अडवणारं दार, 1997 चं. मधली चव्वेचाळीस वर्षं फोटोत दिसत नाहीत. शिवाय रॉटरडॅमजवळच्या हुक व्हान हॉलंडच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीत फरक दोनेक मीटरचा. अलिबागच्या बाजूला मोठ्या उधाणाला तो चार-साडेचार मीटरवर जातो. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि "दगडी बंधारा घाला" हा धोशा तर डोक्यात जातो. इथला किनारा बराचसा वाळूनेच धरलाय. 2011 मध्ये हेगच्या दक्षिणेला 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू समुद्रात ओतली आणि पुढची वाटणी लाटांवर सोडली. आपण खाड्यांतली वाळू सक्शन पंपाने उपसायची आणि किनाऱ्यावर दगड टाकायचे. दगडावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, मग धूप शेजारच्या गावाला लागते. हे मी लिहिलं. शेवटी "कांदळवन वाढवा, तेच वाचवेल" असंही ठोकून दिलं.

दादाचं उत्तर आलं. "तुझ्याकडे किती कांदळ आहे?"

एकही झाड नाही. दादा माझा चुलतभाऊ. आमची खारेपाटातली, खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली शेती तोच बघतो. त्याचं गणित वेगळं आहे. खेकडे बांधाला बिळं पाडतात, खाडीतून बार्ज गेली की लाट बांधावर बसते, उधाणात खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. ती वेळेत बुजली नाही तर खारं पाणी शेतात मुक्काम करतं, दोन-तीन पावसाळ्यांत कांदळ उगवतं, आणि मग कायद्याने तिथे कोयता लावायची सोय नाही. भाताचं शेत बघता बघता जंगल होतं. कांदळवन लाट अडवतं हे खरं. पण ते शेतात उगवलं तर शेतकऱ्याने काय करायचं, ते मी लिहिलं नव्हतं.

बिळं इथेही पडतात. मस्करॅट नावाचा घुशीसारखा प्राणी डायक पोखरतो, आणि त्याला पकडायला वॉटरस्खापचे, म्हणजे डायक आणि पाणी सांभाळणाऱ्या इथल्या निवडून दिलेल्या मंडळाचे, पगारी लोक आहेत. आमच्याकडे दादा आहे. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून बिळात मातीचे गोळे कोंबतो.

दोन वर्षांपूर्वी त्याने पावसाआधी खांड बुजवायला माझ्या वाट्याचे पंधरा हजार मागितले. मी विचारलं, "हे सरकारचं काम ना? एस्टिमेट आहे का?" त्याच आठवड्यात वॉटरस्खापचं चारशेच्या आसपास युरोंचं बिल आलं होतं. ते मी आयडीलने, म्हणजे ऑनलाइन, चहा निवायच्या आत भरून टाकलं. एस्टिमेट मागितलं नाही.

जुन्या काळी इथे कायदा होता. आपल्या वाट्याचा डायक राखणं ज्याला झेपेना, त्याने त्यात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो ते उपटेल त्याची जमीन, आणि डायकही त्याच्याच गळ्यात. मी फावडंबिवडं काही रोवलं नाही. सातबाऱ्यावर नाव तसंच ठेवलं आणि विमानात बसलो. 2023 च्या मार्चमध्ये वॉटरस्खापच्या निवडणुकीत मतदान केलं, त्याचा फोटोही ग्रुपवर टाकला होता. बारा अंगठे आले. दादाचा नव्हता.

काल त्याने उघाडीचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचा, फोटो पाठवला. दाराची खालची फळी कुजलीय, भोकात गोणपाट कोंबलंय, तरी कडेने पाणी झिरपतंय. खाली एकच ओळ, "तुमच्याकडे दाराला लाकूड कसलं वापरतात रे?"

बारा वर्षं झाली इथे. घरामागच्या कालव्याला तसलंच दार आहे, रोज सायकलने त्याच्यावरून जातो. लाकूड आहे की लोखंड, हे मला सांगता येईना.