‘वॉटरप्रूफ प्लाय ठोका आणि फरशी बसवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

दोन-अडीच वर्षांपासून गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की, जुन्या घराच्या लाकडी माडीवर फरशी बसवायची असेल तर काहीही उकरू नये; आहे त्या जमिनीवर १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय खिळ्यांनी ठोकावा, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत, नेहमीचा सिमेंट-वाळूचा माल पसरावा आणि फरशी भिंतीपर्यंत घट्ट भिडवावी. हे सगळे मे महिन्यात करावे, कारण तेव्हा लाकूड पूर्ण वाळलेले असते, असेही त्यात म्हटले आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात सागवानी कड्या (फळ्या पेलणारी आडवी लाकडे) आणि फळ्यांची माडी असलेली घरे अजून पुष्कळ आहेत, आणि ती पाडून स्लॅब टाकणे ज्याला परवडत नाही त्याला हा सल्ला लगेच पटतो. आम्हालाही पटला होता. मे महिन्यात एका मिस्त्रीकडून आम्ही नेमके असेच काम करून घेतले आणि पोळ्याच्या दिवशी मोठ्या आईच्या हातून पितळी पळी फरशीवर पडली, तेव्हा रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती फरशी पटाशीने उचलली. ती सहज निघाली. खालचा माल बोटाने चुरला तरी वाळूसारखा सुटत होता, त्याच्या तळाला पेंटचा पापुद्रा चिकटून आला होता आणि दोन प्लायच्या सांध्यावरची कड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगली होती. त्या एका फरशीखाली संदेशातल्या बहुतेक चुका एकत्र दिसत होत्या, म्हणून त्या एकेक करून मांडतो.

‘काहीही उकरू नका’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. आलापल्ली-बल्लारपूरकडचे जुने सागवान पुन्हा त्या प्रतीचे मिळणे कठीण आहे, त्यामुळे तुळया आणि कड्या वाचवाव्यात हे मलाही मान्य आहे. पण माडीची जमीन म्हणजे नुसत्या फळ्या नव्हेत. फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर आणि त्यावर शेणाचे सारवण अशी ती रचना असते. ती जमीन इतकी वर्षे टिकली ती ताठ होती म्हणून नव्हे. कड्या चालताना थोड्या लवत, फळ्या पावसाळ्यात फुगत आणि उन्हाळ्यात आकसत, मातीला बारीक चिरा पडत आणि आठवड्याच्या सारवणात त्या भरून निघत. घरातल्या बायांच्या हातांनी ती जमीन सतत दुरुस्त होत होती. फरशीला असे सारवण नाही. तिच्याखालची जागा हलली तर ती सुटते किंवा तडकते. म्हणून मातीचा थर पूर्ण काढलाच पाहिजे. तो काढला की कड्यांवरचा भार उतरतो, वाळवी कुठे लागली आहे ते दिसते, आणि बाक आलेल्या फळ्या कड्यांना स्क्रूने आवळून घेता येतात. मातीवर ठोकलेल्या प्लायच्या खिळ्याला खाली धरायला काहीच नसते.

‘१२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो’ हा सल्ल्यातला सर्वांत घातक भाग आहे, कारण इथे प्रश्न प्लायच्या आधी कड्यांचा येतो. फरशीच्या कामात मानला जाणारा नियम असा आहे की, भार आल्यावर कडीचा झोक, म्हणजे ती मधोमध जेवढी लवते ते अंतर, तिच्या मोकळ्या लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नसावा. शहाबादी, कोटा अशा नैसर्गिक दगडासाठी तो ७२० व्या भागाच्या आत हवा. १० फुटांच्या कडीला हा हिशेब अनुक्रमे सुमारे साडेआठ आणि सव्वाचार मिलिमीटर येतो. ढोबळ अंदाज घरीच घेता येतो. कडीच्या खालच्या अंगाला दोन्ही टोकांशी सारख्या जाडीचे तुकडे ठेवून ताठ सुतळी बांधावी, मधोमध कडी आणि सुतळी यांतले अंतर मोजावे, मग वर त्याच जागी दोन मोठी माणसे उभी करून पुन्हा मोजावे. आमच्या माडीत हा फरक ११ मिलिमीटर भरला. अशा कडीवर कितीही महाग फरशी बसवली तरी ती टिकणार नाही. उपाय प्लायमध्ये शोधायचा नसून खाली शोधायचा असतो: मध्ये आडवी तुळई देऊन कडीची मोकळी लांबी निम्मी केली, तर झोक निम्म्यावर येत नाही, तो आठव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. त्यानंतर प्लायची जाडी पाहावी. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १२ ऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय घेतला की जाडी दीडपट होते पण ताठपणा तिपटीहून जास्त होतो.

आता ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाकडे येऊ. प्लायच्या शिक्क्यावरचा हा शब्द थरांमधल्या डिंकाबद्दल बोलतो, लाकडाबद्दल नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि त्याचे थर सुटत नाहीत, हे खरे आहे. पण त्या थरांतले लाकूड पाणी पितेच आणि फुगतेच. ओला माल थेट प्लायवर पसरला की दोन्हींचे नुकसान होते. प्लाय मालातले पाणी शोषून घेतो, त्यामुळे सिमेंट पुरते पकडण्याआधीच कोरडे पडते, आणि फुगलेला प्लाय पुढे वाळून आकसताना वरची कच्ची पकड तोडतो. आमच्या प्लायची सांध्यावरची कड अशीच फुगली होती.

यावर संदेशाचे उत्तर ऑइल पेंट हे आहे, आणि ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. माल मग प्लायला न चिकटता पेंटच्या पातळ पापुद्र्याला चिकटतो, आणि फरशीची पकड त्या पापुद्र्याच्या पकडीइतकीच उरते. सनमायका, वार्निश किंवा मेण लावलेल्या पृष्ठभागाचेही तेच. प्लाय कोरा, धूळमुक्त आणि कोरडा हवा. त्यावर सिमेंट बोर्ड, म्हणजे सिमेंटची तयार पातळ पाटी, बसवणे सर्वांत चांगले. बोर्डाखाली टाइल अॅडेसिव्हचा (फरशी चिकटवायच्या तयार मसाल्याचा) पातळ थर द्यावा, तो स्क्रूने आवळावा आणि त्याच्या सांध्यांवर सिमेंटचा क्षार सोसणारी जाळीची पट्टी लावून ते भरून घ्यावेत. फरशी मग लाकडाला न चिकटता या बोर्डाला चिकटते.

नेहमीच्या मालाचा दुसरा दोष वजनाचा आहे. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ५० मिलिमीटर जाडीचा माल सुमारे ११ क्विंटल भरतो, वर फरशीचे दोन क्विंटल, म्हणजे जिनिंगमधल्या कापसाच्या १७० किलोच्या साडेसात गठाणी माडीवर कायमच्या रचून ठेवल्यासारखे झाले. मातीचा थरही जड होता, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण संदेशाप्रमाणे माती न उकरता वर माल टाकला तर हे ओझे त्या ओझ्यावर येते, आणि कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू लवत जाते. पॉलिमरयुक्त टाइल अॅडेसिव्हचा तीन ते पाच मिलिमीटरचा थर त्याच खोलीत एक क्विंटलही भरत नाही. पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक पाहावा आणि सिमेंट बोर्ड व प्लाय या दोन्हींवर ते चालते असे स्पष्ट छापले आहे का, तेही वाचावे, कारण साधे स्वस्त अॅडेसिव्ह काँक्रीटसाठीच बनवलेले असते. पातळ थरात उंचसखलपणा लपत नाही, म्हणून पातळी आधी प्लायच्या वेळीच साधावी लागते. दोन फुटी फरशीसाठी १० फुटांच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये.

खिळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. लाकडाच्या दरवर्षीच्या हालचालीत खिळा सैल होतो आणि चालताना करकरतो. स्क्रूच वापरावेत, कडेने दर १५० आणि मध्ये दर २०० मिलिमीटरवर. प्लायची लांबी कड्यांना आडवी टाकावी आणि प्लायच्या चार पत्र्यांचे (शीटचे) कोपरे एका जागी येऊ देऊ नयेत.

राहिले ते घट्ट भिडवणे आणि मे महिना, आणि या दोन सूचना एकत्र पाळल्या की नुकसान ठरलेलेच असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की लाकूड सर्वाधिक आकसलेले असते. त्या स्थितीत जमीन भिंतीला टेकवली तर श्रावणात फुगायला तिला जागाच उरत नाही, आणि ती मध्येच उचलली जाते. शिवाय त्या उन्हात अॅडेसिव्हवर फरशी ठेवण्याआधीच साय धरते. मी स्वतः दिवाळीनंतरचे दिवस निवडेन, जेव्हा हवा ना ओली ना भाजणारी असते. प्लाय त्याच खोलीत दोन-तीन दिवस मोकळा रचून ठेवावा, दोन पत्र्यांमध्ये तीन आणि भिंतीशी सहा मिलिमीटर फट सोडावी, आणि फरशीच्या कडेची फट ग्राउटने (सांधे भरायच्या सिमेंटच्या लुकणाने) न भरता स्कर्टिंगखाली झाकावी किंवा सिलिकॉनने भरावी. मोरी मात्र अशा जमिनीवर करू नये. तिच्यासाठी खाली पक्का आधार असलेलीच जागा निवडावी.