सोलर असूनही पंखा बंद

शनिवारी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बंड्या आला तोच चिडून. गच्चीवर सोलर बसवलंय, ऊन रणरणतंय, आणि भर दुपारी लाइट गेली तर घरातला पंखा फिरेना. मग त्याची गाडी थेट देशाच्या ग्रीडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर घसरली. सगळ्यांना एकमेकांत गुंतवून ठेवलंय, एक पडला की दहा पडतात. त्यापेक्षा ज्याची वीज त्याच्यापाशी!

नानांची उभी हयात सबस्टेशनात गेलेली. म्हणाले, "तुझा पंखा बंद पडला म्हणून खांबावरचा वायरमन वाचला. बॅटरी नसलेला सोलर बाहेरची लाइट गेली की आपोआप थांबतो, मुद्दाम तसाच बनवलाय. तू गच्चीवरून वीज सोडत बसलास तर त्याने काय करायचं?"

"ते सोडा नाना. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम विजेवाचून बसली, ती जोडलेली होती म्हणूनच ना?" सुन्याने काडी टाकली.

इथे नाना सरसावून बसले. कळवा आणि पडघा या सबस्टेशनांमधल्या 400 केव्हीच्या मोठ्या लाइनीचं एक सर्किट आधीच दुरुस्तीला घेतलेलं. सकाळी दहाच्या सुमारास दुसरंही ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, भार बाकीच्या लाइनींवर गेला आणि त्याही गळाठल्या. (कळवा आमच्यापासून खाडी ओलांडली की आलं. पण ही नावं आम्ही पहिल्यांदा ऐकली ती लोकल रुळांवर उभ्या राहिल्यावर.) नियम साधा आहे : एक लाइन गेली तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. एक आधीच दुरुस्तीला असेल, तर हिशेब उरलेल्यांवर नव्याने मांडायचा.

"आणि ते आयलँडिंग? बाहेर काही झालं की मुंबई वेगळी काढायची म्हणे."

"काढली की! पण बेटावर वीज कमी आणि खाणारी तोंडं जास्त. विजेचा ठोका, म्हणजे फ्रिक्वेन्सी घसरली, बेट बुडालं. बाहेरची वीज स्वस्त मिळत असताना शहरातले वीज बनवणारे महागडे संच कोण चालवणार? वरचे पैसे बिलात आले तर पहिला तूच ओरडशील."

बंड्या पुन्हा मूळ पदावर. "म्हणूनच म्हणतो, तोडा सगळं."

"तोडा. मग कोळशाचा बंद पडलेला संच चालू कसा करशील? त्याचे पंप, पंखे फिरवायलाच आधी वीज लागते. जवळ जलविद्युतसारखं आपणहून सुरू होणारं केंद्र नसेल तर ती शेजाऱ्याकडूनच येणार."

मला टेक्सास आठवलं. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत तिथे भारनियमन केलं, त्यात गॅस पुरवणाऱ्या काही केंद्रांचीही वीज तोडली गेली. ती महत्त्वाच्या ग्राहकांच्या यादीत नव्हतीच. गॅस आटला, म्हणून वीजकेंद्रं आणखी आटली. वीज गॅसवर, गॅस विजेवर. माझं मत, आपल्याकडे खरी गोम ग्रीड जोडण्यात नाही, त्या यादीत आहे : आधी कोणाला तोडायचं, कोणाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, आणि त्याची तालीम कधी झाली.

"तालीम!" नाना बंड्याकडे वळले. बंड्या सोसायटीचा सेक्रेटरी. "तुमचा जनरेटर चालतो का?"

"म्हणजे काय! दर महिन्याला चालू करून बघतो."

"लिफ्ट आणि पंप जोडून?"

"छे हो. नुसताच, दोन मिनिटं. लोड टाकला की डिझेल जळतं हो नाना."